पाणी फार चांगलं आहे

ओलोमोउत्सच्या रुग्णालयात, तळमजल्यावर,
डायलिसिसच्या दारासमोर काचेची एक टाकी आहे.
दोनशे लिटर पाणी, नऊ निऑन मासे,
एक म्हातारी गोगलगाय
आणि आजारी झाडं.

ब्लाझेना महिन्याकाठी येते.
बाही कोपराच्या वर सारते, पण हात लगेच बुडवत नाही,
स्टूल ओढून नुसती बघत बसते.
दुखतंय कुठे? जुन्या पानाला की नव्या?
सगळं तिथेच ठरतं.
जुनं पिवळं पडत असेल
तर झाड घरातलंच विकून खातंय,
खालच्याचं काढून वरच्या कोंभाच्या तोंडात घालतंय.
नवंच फिकट उमलत असेल, शिरा तेवढ्या हिरव्या,
तर लोह कमी. लोह एकदा बसलं की बसलं,
धाकट्यासाठी जागचं उठत नाही.

आणि ही भोकं.
टाचणीने टोचल्यासारखी, प्रत्येकाला पिवळी किनार.
आधी संशय गोगलगाईवर गेला.
ती काचेवर, आपल्या कामात.
शिवाय खाणारं कडेपासून खातं,
हे मधूनच विरत गेलंय.

"पोटॅशियम," ब्लाझेना स्वतःशीच म्हणाली, जरा मोठ्याने,
आणि बाकावरची चार डोकी एकदम वर झाली.

हा शब्द इथे सगळ्यांच्या ओळखीचा.
केळं बंद. टोमॅटो चवीपुरता.
बटाटा चिरून रात्रभर भिजत घालायचा,
ते पाणी ओतून द्यायचं,
दुसऱ्या पाण्यात उकडायचा
आणि बटाटा समजून खायचा.

पान ह्रुबेश अकरा वर्षं येताहेत,
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
(या देशात गृहस्थाला पानच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.)
डाव्या हातावरची फुगलेली शीर चोळत त्यांनी विचारलं,
"वाढलंय की उतरलंय?"
"उतरलंय."
"चैन आहे. माझ्यातलं देऊ?"
बाक हसला. आत यंत्रं घुमत राहिली.

मग तिने परीक्षानळीत पाणी घेतलं,
वरून औषध सोडलं, थेंब मोजायच्या तयारीनं.
पहिल्याच थेंबाला रंग पालटला.
पुन्हा केलं. पुन्हा पहिल्याच.
पाण्यात काही म्हणजे काहीच नाही,
आणि या गावात तर किटलीच्या बुडाला चुन्याचा थर धरतो.

"पाणी कोण बदलतं?"

द्राहोमीरा दारात उभी होती, एकतीस वर्षांची नोकरी.
"मी. दर शुक्रवारी दोन बादल्या.
नळाचं नाही हो घालत. यंत्रासाठी गाळतो ना, त्यातलं.
आपल्याकडचं सगळ्यात चांगलं.
माणसाच्या रक्ताला चालतं,
तर म्हटलं..."

ब्लाझेनाने कात्री पुसली. आधीच स्वच्छ होती, तरी पुसली.
"पाणी फार चांगलं आहे," ती म्हणाली.
"झाडाला त्यात खायला काही नाही."

"मग घाण घालू?"

"घाण नाही. साधं."

पडलेलं भोक बुजत नाही.
खुराक सुरू केला तरी टोचलेलं पान टोचलेलंच राहतं,
बरं वाटतंय का ते पुढच्या पानाला विचारायचं.
तिने अगदी गेलेली तेवढी कापली.
अर्धी राहू दिली. झाड अजून त्यांच्यातूनच ओढत होतं.

एक पान ह्रुबेशांनी मागून घेतलं,
खिडकीकडे धरून पाहिलं,
बाहेरच्या बर्फाचा उजेड भोकाभोकातून आला,
आणि ते ओलंच शब्दकोड्याच्या मासिकात ठेवलं,
जिथे आडवे सात अडलं होतं.

फेब्रुवारीत नवं पान आलं.
ब्लाझेनाला ते दिसायच्या तीन दिवस आधी
बाकाला माहीत होतं.

द्राहोमीरा आता शुक्रवारी नळाखाली बादली धरते.
रात्रभर शिळं करते, सांगितल्याप्रमाणे.
पण टाकीत ओतायच्या आधी अजूनही
एकदा मागे वळून बघते,
कुणी पाहत तर नाही ना.